शब्द कोणी झाकायचा?

काही वर्षांपूर्वी मी किराणा घरपोच देणाऱ्या एका अ‍ॅपवर काम करत होतो. मालाच्या यादीतले आणि ग्राहकांच्या संदेशांतले अर्वाच्य शब्द गाळणारा प्रोग्रॅम लिहायचं काम माझ्याकडे आलं. काम सोपं होतं. नको असलेल्या शब्दांची एक यादी करायची आणि त्यातला शब्द सापडला की मजकूर अडवायचा. पंधरा दिवसांनी तक्रार आली की आयात केलेलं एक खाद्यतेल अ‍ॅपवर दिसेनासं झालंय. बाटलीवर 'रेपसीड ऑइल' असं छापलेलं होतं. माझ्या प्रोग्रॅमने पहिली चार अक्षरं वाचली आणि तेलाला अश्लील ठरवलं.

सगळे हसले, मीही हसलो. अपवाद जोडायला वीस मिनिटं लागली. मग आणखी काय अडकलंय ते बघावं म्हणून लॉग उघडला. तेल, तेल, पुन्हा तेल, आणि मध्येच एका बाईचा मदतकक्षाला लिहिलेला संदेश. सामान घेऊन आलेल्या माणसाने घरात शिरून जे केलं होतं, ते तिने आडवळण न घेता, त्याच्या खऱ्या नावाने लिहिलं होतं. संदेश अकरा दिवस पडून होता. तिच्या स्क्रीनवर एवढंच उमटलं होतं, की तुमचा मजकूर आमच्या सभ्यतेच्या नियमांत बसत नाही.

ते वाक्य मीच लिहिलं होतं. संदेश वरिष्ठांकडे पोचवला, तोवर तिने खातं बंद केलं होतं. त्या दिवसापासून एक प्रश्न डोक्यातून जात नाही. शब्द झाकला की नेमकं कोणाचं रक्षण होतं?

आधी त्या तेलाचं बघू. इंग्रजीत त्या पिकाचं नाव सलगमासाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून आलं, आणि गुन्ह्याचं नाव 'हिसकावणे' या अर्थाच्या दुसऱ्याच धातूवरून. दोघांचा उच्चार एक झाला हा निव्वळ योगायोग. कॅनडात हे पीक दुसऱ्या महायुद्धात जहाजांच्या वाफेच्या इंजिनांना लागणाऱ्या वंगणासाठी वाढलं. खाण्यासाठी त्यात अडचण होती. तेलात इरुसिक आम्ल फार, आणि पेंडीत गुरांना न मानवणारी द्रव्यं. किथ डाउनी आणि बाल्डर स्टेफान्सन या संशोधकांनी वर्षानुवर्षं निवड आणि संकर करून दोन्ही दोष कमी केले, आणि 1974 मध्ये तसं पहिलं वाण आलं. 'कनोला' हे नवं नाव त्यानंतर, 1978 मध्ये मिळालं. म्हणजे आधी बी बदललं, मग नाव.

त्याच देशात टिसडेल नावाचं एक छोटं शहर आहे. या पिकाचा आणि मधाचा प्रदेश, अशी त्याची घोषणा होती. ती पिकाच्या जुन्या नावासकट अनेक दशकं कपांवर आणि पाट्यांवर छापली जायची. 2016 मध्ये शहराने ती बदलली. मला तो निर्णय योग्य वाटतो. पाटी वाचून ज्या बाईच्या पोटात गोळा येत असेल तिला लॅटिन धातू समजावत बसण्यात काही अर्थ नाही. पण पाटी बदलल्याने पाटीच बदलते, हेही तितकंच खरं.

मराठीत ही गल्लतच नाही. मी गोंदिया जिल्ह्यातल्या कामठ्याचा. आमच्याकडे धान निघालं की बांध्यांमध्ये लाखोळी नि जवस दिसतात. मोहरी फोडणीपुरती, आणि सरसोंचं तेल थंडीत अंगाला चोळायला. हमीभावाच्या सरकारी यादीत रेपसीड आणि मोहरी एकाच ओळीत असतात, पण घरात मोहरी म्हणताना कोणाची जीभ अडखळत नाही. आपली जीभ अडखळते ती खऱ्या गोष्टीपाशी. तिथे आपण 'अब्रू गेली', 'तोंड काळं झालं', 'वाईट प्रसंग ओढवला' म्हणतो. या वाक्यांमध्ये करणारा कुठेच नाही. अब्रू गेली म्हणताना ती कोणी नेली, हे सांगावं लागत नाही. पेपरातही बलात्कार 'झाला' असतो, पाऊस झाल्यासारखा. मी यादी करून शब्द गाळत होतो. आपलं व्याकरण यादीशिवायच माणूस गाळतं.

आमच्या भागाला हे नवं नाही. 26 मार्च 1972 च्या रात्री, गोंदियाहून रेल्वेने जाता येतं त्या देसाईगंजच्या, म्हणजे वडशाच्या, पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर बलात्कार केल्याचा आरोप दोन पोलिसांवर झाला. वडसा तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होतं. भावाच्या तक्रारीवरून तिला ठाण्यात आणलं होतं, आणि घरचे लोक बाहेर थांबले होते. सत्र न्यायालयाने 1974 मध्ये तिला खोटारडी ठरवून आरोपींना सोडलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 1976 मध्ये तो निकाल फिरवला. भीतीपोटी हतबल होऊन गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे, असं त्या न्यायालयाचं म्हणणं होतं. मग सप्टेंबर 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोघांना निर्दोष सोडलं. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे प्रतिकार झालेला नाही, म्हणजे जे घडलं ते शांतपणे घडलं, असा तो तर्क होता.

वर्षभराने उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि पुण्याच्या वसुधा धागमवार या चौघांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. रात्रीच्या वेळी, पोलीस ठाण्यात, गरीब आदिवासी मुलगी ओरडली नाही म्हणून तिची संमती होती, हे कसं मानायचं, असा त्याचा गाभा होता. 1980 मध्ये ठिकठिकाणी बाया रस्त्यावर आल्या. 1983 मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्कारात संबंध सिद्ध झाला आणि बाई न्यायालयात 'संमती नव्हती' म्हणाली, तर न्यायालयाने तसंच गृहीत धरायचं, असं ठरलं. प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती ठरत नाही, हे मात्र कायद्यात सरळ लिहायला 2013 उजाडलं. आपला 'बलात्कार' हा शब्दही बळाभोवतीच फिरतो. बळ दिसलं नाही की गुन्हाच दिसत नाही. शब्द तोच ठेवून आत संमती आणून बसवायला एक्केचाळीस वर्षं लागली. बी बदलायला वेळ लागतो.

1983 च्याच दुरुस्तीने आणखी एक गोष्ट आणली. पीडितेची ओळख उघड करणं हा गुन्हा ठरला, आणि आजच्या भारतीय न्याय संहितेतही कलम 72 मध्ये तो आहे. इथे मी बराच काळ अडकलो होतो. हाही एक शब्द झाकणंच नाही का? नाव लपवायचं म्हणजे लाज तिचीच आहे, हे मान्य करणं नाही का? मग माझ्या प्रोग्रॅममध्ये आणि या कायद्यात फरक काय?

फरक कायद्याच्या बारीक अक्षरांत सापडला. सज्ञान पीडितेने स्वतः लेखी परवानगी दिली, तर तिचं नाव छापता येतं. म्हणजे झाकण आहे, पण ते उघडायची मुभा तिच्याकडेही आहे. माझ्या प्रोग्रॅममध्ये ती तिच्याकडे नव्हती. तिला बोलायचं होतं आणि मी, तिला न विचारता, इतरांच्या डोळ्यांना त्रास नको म्हणून तिचं तोंड बंद केलं होतं. उलटंही तितकंच वाईट. तिला गप्प राहायचं असताना 'बोल, बोललंच पाहिजे' म्हणून मागे लागणारेही तिला विचारत नाहीत. गुन्हा ज्या एका गोष्टीच्या अभावाने घडतो, ती संमती, तीच आपण नंतरही विसरतो. पोलीस विसरतात, डॉक्टर, पत्रकार, नातेवाईक विसरतात, आणि पडद्यामागे बसलेला माझ्यासारखा इंजिनीअरही विसरतो.

वडशाच्या त्या निकालाचं अधिकृत नाव 'तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य' आहे. पण चळवळीत, पुस्तकांत, भाषणांत तो त्या मुलीच्या नावाने ओळखला जातो. तिच्यामुळे देशाचा कायदा बदलला. ती स्वतः मात्र गरिबीतच राहिली, आणि पत्रकार अधूनमधून तिचं घर शोधत येत राहिले. तिचं नाव शोधायला कोणालाही अवघड नाही. तरी मी ते इथे लिहिलेलं नाही, कारण तिची परवानगी माझ्याकडे नाही. मागच्या अकरा दिवसांतून एवढं तरी शिकलो.

त्या प्रोग्रॅमचं पुढे मी एवढंच केलं, की मदतकक्षाकडे जाणारा कुठलाही संदेश त्याला अडवता येणार नाही. तो शब्द आला, तर संदेश रांगेत सगळ्यात वर जाईल आणि माणूसच तो वाचेल. चार ओळींचा बदल. आधी सुचला नाही, कारण यादी करताना तो शब्द फक्त शिवी म्हणून वापरला जाईल असं मी धरून चाललो होतो. कोणाला तो मदतीसाठी लागेल, हे मनातही आलं नव्हतं.

दिवाळीला घरी गेलो तेव्हा आजीला विचारलं. तिचं माहेर वडशाकडचं. ती तांदूळ निवडत होती. म्हटलं, "आजी, ठाण्यातल्या त्या पोरीचं तू तेव्हा ऐकलं होतंस?"

"ऐकलं होतं ना," ती म्हणाली. मग बराच वेळ काही बोलली नाही. "सारे पोरीबद्दलच बोलत होते. शिपायाबद्दल कोणी नाही."

मी विचारलं, हे लिहू का?

"माझं लिही," ती म्हणाली. "त्या पोरीचं नाव नको लिहू."