भोकाचा धनी

बस. इथंच, जिन्याच्या पायरीवर. चहा नंतर. तुझी ती दोन पोरं खाली मोबाइल बघत बसलीत, त्यांनाही वर बोलाव. त्यांच्यादेखत बोललो तर तुझा मान जाईल? जाऊ दे. काल या वयात, हे गुडघे घेऊन, चौदाव्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत डक्टचा एकेक दरवाजा उघडून बघितलाय मी. आज अर्धा तास तू ऐकायचं.

आधी चांगलं काय ते सांगून टाकतो, म्हणजे मध्ये मध्ये 'सर, पण' नको. जोड छान मारलेस. ट्रे नीट लावलेत, प्रत्येक पिगटेलवर फ्लॅटचा नंबर आहे, हिरव्या कनेक्टरला निळा जोडलेला एकही सापडला नाही. पॉवर मीटरवर माझ्या घरात उणे एकोणीस येतंय. छप्पन घरांना चार दिवसांत नेट दिलंस. नातू कॅनडातून बोलतो तेव्हा आता त्याचं तोंड मध्येच गोठत नाही. आणि परवा फोनवर तू मला ऐटीत सांगितलंस, 'सर, सगळीकडे हिरवा दिवा लागलाय.'

त्या दिव्याचंच बोलू. उजेड घरात पोचला, एवढंच तो सांगतो. कुठून आणि काय फोडून पोचला, ते सांगायला त्या डबीत दुसरा दिवा नाही. ते डक्टचा दरवाजा उघडल्यावर कळतं.

सातवा मजला. स्लॅबमध्ये कोअर कटरनं पाडलेलं चार इंची भोक. त्यातून गेलेली केबल माझ्या करंगळीएवढी. उरलेली जागा कुणासाठी ठेवलीस, घुशींसाठी? तुझा पोरगा म्हणाला, 'पुढं दुसऱ्या कंपनीची केबल आली तर सोय.' सोय कुणाची होते ते सांगतो. तुझ्या आजीच्या घरी चुलीवर धुरांडं होतं ना? त्यात कुणी पंखा बसवत नाही, तरी धूर वर जातो. गरम हवेला उभी वाट मिळाली की तिला ढकलावं लागत नाही. बिल्डरनं प्रत्येक मजल्यावर स्लॅब घालून या डक्टचे तुकडे केले होते. तू वरपासून खालपर्यंत भोकं पाडलीस आणि त्या तुकड्यांचं पुन्हा एक सलग धुरांडं करून ठेवलंस. उद्या खाली मीटरच्या खोलीत वायर पेटली, तर आठव्या मजल्यावरच्या काकूंच्या दाराशी धूर जाईल तो याच वाटेनं.

राष्ट्रीय इमारत संहिता, २०१६. भाग चौथा, आग आणि जीवसुरक्षा. वर्गात फळ्यावर लिहून दिलं होतं, तू मागच्या बाकावर काय करत होतास देव जाणे. केबल, पाइप, काहीही मजल्यातून न्यायचं तर ते डक्टमधून न्यायचं आणि त्या डक्टनं आगीला १२० मिनिटं दाद द्यायची नाही. पाइप आणि स्लॅब यांच्यामधली फटसुद्धा १२० मिनिटं टिकणाऱ्या मालानं भरायची. विजेचा डक्ट प्रत्येक मजल्यावर बंद करायचा. ही दोन तासांची अट कुणा बाबूच्या लहरीतून आलेली नाही. बंब गल्लीत शिरायला वेळ लागतो, खाली गाड्या आडव्या लावलेल्या असतात, वरचे म्हातारे लिफ्ट न वापरता उतरणार असतात. त्या सगळ्यांसाठी उसना घेतलेला वेळ आहे तो. तू तो भोक पाडून खर्च केलास.

आणि तिसऱ्या ते सहाव्या मजल्यापर्यंत काय पराक्रम केलास? टेलिफोनच्या डक्टमध्ये आधीच्या केबलवाल्यांच्या मेलेल्या वायरी अडकल्या होत्या, म्हणून शेजारच्या विजेच्या डक्टमधून फायबर खेचलीस. ४१५ व्होल्टच्या मेन लाइनशेजारून! त्याच संहितेत लिहिलंय की विजेच्या केबलच्या डक्टमध्ये टेलिफोन, इंटरकॉम, पाणी, गॅस, कशाचीही लाइन घालायची नाही. खेचताना तुझ्या पोराचा हात कुठं गेला असता, याचा विचार केलास? मेलेल्या वायरी काढायला एक दिवस लागला असता. तो एक दिवस वाचवलास. पुन्हा त्या वायरी तिथंच राहिल्या, म्हणजे धुरांड्यात सरपणही रचलेलं आहे.

'सर, फायबर म्हणजे काच. काच जळत नाही.' हे वाक्य तू सेक्रेटरीला ऐकवलंस, तो मला येऊन ऐकवून गेला. काच किती आहे रे त्यात? १२५ मायक्रॉन, केसाच्या जाडीची. बाकी सगळं प्लॅस्टिक. आवरण पीव्हीसीचं असेल तर जळताना हायड्रोजन क्लोराइड सुटतो, आणि तो डोळ्यांच्या, घशाच्या ओलाव्यात मिसळला की आम्ल होतो. म्हणून इमारतीच्या आत कमी धुराची, हॅलोजन नसलेली केबल वापरतात. आवरणावर छापलेलं असतं. वाचलंस? तू वापरलीस ती खांबावरून ओढायची, बाहेरची काळी केबल. रिळात उरली होती, म्हणून.

परळचं क्रिस्टल टॉवर आठवतं? २२ ऑगस्ट २०१८. आगीत चौघं गेली. त्या दिवशी तिथल्या एका दहा वर्षांच्या मुलीनं शेजाऱ्यांना ओला कपडा तोंडाला लावून श्वास घ्यायला सांगितलं, कारण शाळेत शिकवलेलं तिनं लक्षात ठेवलं होतं. तिला पुढं राष्ट्रीय शौर्य पुरस्कार मिळाला. दहा वर्षांची पोर. मी तुला दोन वर्षं शिकवलं.

आता त्या फोमकडे येऊ. हो, अकराव्या मजल्यावर तू भोक बुजवलंयस, मला दिसलं. पिवळा, फुगलेला, पावासारखा. हार्डवेअरच्या दुकानातून डबा आणलास, फुस्स केलंस, झालं. हे बघून मला जास्त राग आला. उघडं भोक निदान उघडं दिसतं. हे बुजल्याचं सोंग आहे.

ब्राउन्स फेरीची गोष्ट सांगितली होती की नाही मी? तू हसला होतास तेव्हा. 'सर, अणुभट्टीत मेणबत्ती?' म्हणून. आज पुन्हा ऐक, आणि तुम्ही दोघंही ऐका. मार्च १९७५. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातलं अणुवीज केंद्र. भिंतीतून केबल पलीकडे जातात त्या जागा हवाबंद झाल्यात का, हे तपासत होते. तपासायची पद्धत काय? मेणबत्तीची ज्योत फटीजवळ धरायची. ज्योत हलली तर हवा गळतेय. त्या दिवशी ज्योत नुसती हलली नाही, फटीत ओढली गेली. आणि फट भरली होती पॉलियुरेथेन फोमनं, तुझ्या अकराव्या मजल्यावरच्या डब्याच्या सख्ख्या भावानं. फोम पेटला, केबलची आवरणं पेटली, आग भिंतीपलीकडे गेली. सुमारे सात तास चालली. सोळाशेच्या वर केबल खराब झाल्या. दोन अणुभट्ट्या चालू होत्या, त्या सुखरूप थंड करताना लोकांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानंतर अमेरिकेनं अणुकेंद्रांच्या अग्निसुरक्षेचे नियम नव्यानं लिहिले. एवढं सगळं एका फटीपायी आणि ती बुजवायच्या मालापायी. तिथं शिकलेली माणसं होती, पगार चांगले होते, पहारा होता. इथं तू आणि एक डबा.

सगळे फोम सारखे नसतात, आगीसाठी तपासलेलेही मिळतात, म्हणशील. मिळतात. तुझा डबा मी कचऱ्यातून काढून वाचला, त्यावर 'ज्वालाग्राही' एवढंच आहे. खनिज लोकर घालायची, वरून आगीत फुगणारा सीलंट मारायचा, किंवा मोठं भोक असेल तर अग्निरोधक मॉर्टर. मालाबरोबर चाचणीचा कागद येतो, किती मिनिटं टिकतो ते त्यावर असतं, तो सोसायटीच्या फायलीत लावायचा. आणि तुझ्या त्या 'पुढची सोय' वाल्या पोराला सांग, त्याच्यासाठी उशा मिळतात. अग्निरोधक उशा. भोकात ठासून बसवायच्या, नवी केबल आली की काढायच्या, परत बसवायच्या. तुम्ही विचारलं असतंत तर दुकानदारानंही सांगितलं असतं.

कोंबाकोंबीची सवय कुठून लागली तेही मला ठाऊक आहे. पूर्वीची फायबर रुसायची. तीन सेंटिमीटरपेक्षा कमी त्रिज्येत वाकवली की उजेड गळायचा, म्हणून माणूस तिला जपून न्यायचा. आता साडेसात मिलिमीटरपर्यंत वाकली तरी चालतं. कोपऱ्यात वळवा, दाराच्या फटीतून सरकवा, नेट चालतंच. म्हणून तर नवव्या मजल्यावर जिन्याच्या फायर डोअरच्या चौकटीतून नेलीस! दार आता दोन बोटं उघडं राहतं. लोकांनी त्याला कुंडीही लावून टाकली. त्या दारामुळं जिन्यात धूर येत नाही, आणि आग लागल्यावर सगळी इमारत त्याच जिन्यानं उतरणार आहे.

पाचव्या मजल्यावर केबल गॅसच्या पिवळ्या पाइपला टायनं बांधलीय. बाराव्यावर हायड्रंटच्या लाल पाइपला. ती तुझी वाळत घालायची दोरी आहे का? काढ.

गच्चीवर तर कहर. शेजारच्या इमारतीतून आणलेली केबल तू वीजरोधकाच्या दांड्याला गुंडाळलीस. काचेतून वीज जात नाही, मान्य. पण केबलचा भार पेलणारी पोलादी तार? ती कशाची आहे? जूनमध्ये पहिली वीज कडाडली की तो दांडा जे गोळा करील ते थेट तुझ्या डबीपर्यंत यायची व्यवस्था केलीस. धातू नसलेली केबल घे, नाहीतर तार आत शिरण्याआधी तोड आणि अर्थ कर. आणि हा धाकटा, हाच ना रे मंगळवारी कठड्यावर उभा राहून केबल झुलवत होता, कमरेला सुती दोरी बांधून? दोरीचं दुसरं टोक कशाला बांधलं होतंस? डिश अँटेनाला. मी वर येईपर्यंत उतरला होतास म्हणून वाचलास, माझ्या तोंडून. पूर्ण अंगाचा हार्नेस नाही तर गच्चीच्या कडेला जायचं नाही. मालकानं नाही दिला तर काम सोड, माझ्याकडे ये.

तुकड्यांचं सांगायचं राहिलंच. जोडताना कापलेले काचेचे तुकडे तू जिन्यात झटकलेस. दुसऱ्या मजल्यावर रांगणारं मूल आहे. पायात, बोटात घुसलेला तो तुकडा दिसतही नाही. झाकणाची बाटली ठेवायची, हे पहिल्या दिवशी सांगितलं होतं. आणि फायबरच्या टोकात डोळा घालून 'सिग्नल' बघायचा नाही. तो उजेड दिसत नाही म्हणून पापणी मिटत नाही. नेटचा उजेड तसा सौम्य असतो, पण त्याच काचेतून केबल टीव्हीचा १५५० नॅनोमीटरचा ॲम्प्लिफायर चालत असेल तर त्याची ताकद वेगळी.

आता तू म्हणशील, संहिता म्हणजे सल्ला, कायदा थोडाच आहे. महाराष्ट्राचा २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम वाच. त्यानं संहितेचं बोट धरलंय. जबाबदारी मालकाची आणि राहणाऱ्याची, म्हणजे आमची. दर जानेवारीत आणि जुलैत आमची सोसायटी अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचा 'फॉर्म बी' देते. एजन्सीचा माणूस येतो, पंप चालवतो, होजरील ओढतो, सही करतो. डक्टमध्ये टॉर्च मारलेला मी तरी कधी पाहिला नाही.

आणि ऐक, हे तुझ्या पोरांसमोरच सांगतो. तुला कामाची परवानगी देणाऱ्या पत्रावर तीन सह्या आहेत. मधली माझी. डिपॉझिट किती, भिंत रंगवून द्यायची, दुपारी दोन ते चार ड्रिल चालवायचं नाही, एवढं सगळं त्यात आहे. भोकाबद्दल एक अक्षर नाही. बत्तीस वर्षं मी हेच शिकवलं आणि पत्र आलं तेव्हा चष्माही न लावता सही केली, कारण मला नातवाचं तोंड स्पष्ट बघायचं होतं. तू विचारलं नाहीस, मी लिहिलं नाही. काल दरवाजे उघडायला गेलो ते त्यापायी.

ऊठ. सेक्रेटरीनं तुझं शेवटचं बिल माझ्याकडे दिलंय, ते माझ्या खिशात आहे आणि तिथंच राहणार. धाकट्या, तू दुकानातून खनिज लोकर आण, चाचणीचा कागद मागून घे, नसेल तर तो माल घेऊ नकोस. तू सुरी घे. अकराव्यापासून सुरू करू. तो पाव आधी खरवडून काढायचाय, पोत्यात भरायचा, डक्टमध्ये खाली पाडायचा नाही. टॉर्च मी धरतो. चहा दहाव्या मजल्यावर मिळेल.