नावांची अमानत

इंटरनेटवर असे पुष्कळ लेख आणि छायाचित्रे आहेत, जी कोणीही घ्यावीत, छापावीत, त्यांत बदलही करावेत, अशी परवानगी कर्त्यांनी स्वखुशीने देऊन ठेवली आहे. क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेने २००२ साली त्यासाठी परवाने तयार केले. विकिपीडियाचा मजकूर अशाच एका परवान्याखाली येतो. मोबदला काही नाही. अटी मात्र आहेत. कर्त्यांचा उल्लेख करावा, बदल केल्यास तसे सांगावे, आणि बदललेला मजकूर त्याच परवान्याखाली इतरांनाही खुला ठेवावा.

समजा, मोहल्ल्यातील तरुणांनी रमजाननिमित्त एक पुस्तिका काढली. त्यातील लेख विकिपीडियावरचा, वीस जणांनी मिळून घडविलेला. मुखपृष्ठावरील मशिदीचे छायाचित्र कोणा अनोळखी माणसाने काढलेले. पुस्तिकेवर नाव मात्र एकाच संकलकाचे. आता कोणी विचारील, वस्तू तर मोफत होती, मग कोणाचे काय गेले?

गेला तो त्यांचा हक्क. मोफत दिलेली वस्तू बेवारस नसते. देणाऱ्याने अट घालून दिले आणि आपण ते घेतले, म्हणजे अट स्वीकारली. करार पाळण्याची आज्ञा सूरह माइदाच्या पहिल्याच आयतीत ईमानधारकांना दिलेली आहे. न केलेल्या कामाबद्दल आपली स्तुती व्हावी, असे ज्यांना आवडते, त्यांना सूरह आलेइमरानमध्ये (३:१८८) कठोर इशारा आहे. इतरांचे श्रम आपल्या नावावर खपविणाऱ्याने ही आयत अवश्य वाचावी.

इतक्या जणांची नावे कोठवर सांगायची, अशी सबब पुढे येते. सहीह बुखारीतील पहिलीच हदीस पाहा. ती नीयतीविषयी आहे. इमाम बुखारी (र.) यांनी हुमैदी, सुफयान, यह्या बिन सईद, मुहम्मद बिन इब्राहीम, अल्कमा बिन वक्कास आणि हजरत उमर (रजि.) अशी सहा नावे क्रमाने सांगितली आणि मगच हदीस नोंदविली. मधल्या रावीचे नाव झाकण्याला मुहद्दिसांनी 'तदलीस' म्हणून दोष दिला. रावीचे स्वतःचे शब्द हदीसमध्ये मिसळले गेल्यास तो भाग 'मुदरज' म्हणून वेगळा दाखविला. तेथे नावे सत्याच्या पारखीसाठी होती, येथे ती हक्कासाठी आहेत. प्रामाणिकपणा मात्र एकच आहे.

शिवाय हे काम कठीणही नाही. विकिपीडियाच्या प्रत्येक लेखाला 'इतिहास' जोडलेला असतो. कोणी केव्हा काय लिहिले, ते तेथे नोंदलेले असते. म्हणून लेखाचे शीर्षक, 'विकिपीडियाचे योगदानकर्ते' हा उल्लेख, पानाचा पत्ता आणि परवान्याचे नाव दिले की सर्वांची दखल घेतली जाते. छायाचित्रकाराचे नाव वेगळे द्यावे; त्याने टोपणनाव घेतले असेल तर तेच द्यावे. आपण भाषांतर वा संक्षेप केला असेल तर तेही लिहावे, म्हणजे आपल्या चुकीचा दोष मूळ लेखकाच्या माथी येणार नाही.

एक आक्षेप मात्र विचार करण्याजोगा आहे. डाव्या हाताला कळू न देता दान करण्याची शिकवण असताना नावाचा एवढा आग्रह कशाला? उत्तर असे की, स्वतःचे नाव झाकणे हा इख्लास आहे. दुसऱ्याचे नाव झाकणे ही खियानत आहे. योगदानकर्त्याने स्वतःच आपले नाव नको म्हटले, तर ते वगळावे. तो अधिकार त्याचा आहे, आपला नाही.

मुलांच्या शालेय प्रकल्पापासून मशिदीच्या पत्रकापर्यंत ही सवय घरातूनच लागली पाहिजे. ज्यांना आपण कधी भेटणार नाही आणि जे आपल्याकडे कधी तक्रार घेऊन येणार नाहीत, त्यांचाही हिशेब आखिरतमध्ये द्यावा लागणार आहे. अल्लाह आम्हा सर्वांना प्रत्येकाचा हक्क पोहोचविण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.