मले थोडंच येते

हिंगणघाटजवळच्या एका कापूसवाल्या शेतकऱ्याच्या मुलाला वस्त्र अभियांत्रिकी शिकायला पोलंडला जायचं होतं. शहर त्याने विचार करून निवडलं होतं. वूच म्हणजे पोलंडमधलं गिरण्यांचं जुनं शहर, एकोणिसाव्या शतकात कापडावर वाढलेलं. त्याच काळात हिंगणघाटचा कापूस गावाच्याच नावाने विलायतेच्या बाजारात विकला जाई. वूचच्या विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांना पोलिश शिकवण्याची सोय १९५२पासून आहे.

पोलिश तो मोबाइलवर शिकत होता. आपली पातळी कळावी म्हणून त्याने ऑनलाइन चाचणी दिली. ए-वनपासून सी-टूपर्यंत सहा पायऱ्या, पर्यायांतून निवडायची उत्तरं, प्रश्न हळूहळू अवघड होत जाणारे. पोलिशला सात विभक्ती आहेत. ‘माझ्याकडे पुस्तक आहे’ म्हणताना पुस्तकाचं ‘क्शोंश्के’ होतं आणि ‘नाही’ म्हटलं की त्याचंच ‘क्शोंश्की’. इथे तो अडला. शेजारी दुसरा मोबाइल होता, त्यावर भाषांतराचं अ‍ॅप. पुढचं सगळं त्याने त्यात बघूनच टिचकवलं. उत्तर बरोबर यायचं. ते का बरोबर, हे कळायचं नाही.

निकाल आला बी-टू. पोलिश माध्यमातून पदवीचं शिक्षण घ्यायला साधारण एवढी पातळी लागते. घरी पेढे आले.

निकाल त्याने वूचच्या अर्जात भरला. काही दिवसांनी तिथल्या भाषावर्गाच्या शिक्षिकेने व्हिडिओ कॉल केला. अर्जावर बी-टू होतं, म्हणून त्या आपल्या नेहमीच्या वेगाने बोलू लागल्या. मुलगा नुसता मान हलवत राहिला. त्यांनी भावंडांबद्दल विचारलं होतं, हे त्याला फोन ठेवल्यावर समजलं. बाई भल्या होत्या. चाचणी पुन्हा दे, मग बोलू, एवढंच म्हणाल्या.

वडिलांना सगळं कळलं तेव्हा ते म्हणाले, “ओला कापूस काट्यावर जास्त भरते रे, पण मशीन घालून ओलावा पाह्यल्याशिवाय ग्रेडर सोडते का?”

मुलगा उठून सेवाग्रामला आजोबांकडे गेला. आईचे हे वडील जन्मभर खादीच्या कामात. रागावले नाहीत. त्यांनी कपाटातून सूत कातायची धनुष तकली काढली आणि ती बनवणाऱ्या माणसाची गोष्ट सांगितली. मॉरिस फ्रिडमन, पोलंडमधल्याच वॉर्साचा इंजिनिअर. १९३०च्या दशकात भारतात आला, गांधीजींकडे सेवाग्रामला राहिला, भारतानंद झाला. औंध संस्थानात लोकांच्या हाती कारभार देण्याच्या प्रयोगात राबला. पुढे मुंबईत निसर्गदत्त महाराजांची मराठी संभाषणं टेपवरून ऐकून त्याने इंग्रजीत आणली. ‘आय अ‍ॅम दॅट’ हे पुस्तक १९७३ साली निघालं.

“तो आला तवा त्याले मराठीचा एक शब्द येत नव्हता,” आजोबा म्हणाले. “मले थोडंच येते म्हटलं, की समोरचा थांबून थांबून बोलते, चुकलं तं सांगते. तू त्या बाईले बी-टू सांगतलं. मंग तिनं तुह्यासाठी काहून हळू बोलावं?”

मला ही गोष्ट सांगावीशी वाटते ती याच प्रश्नासाठी. फुगवलेल्या पातळीने परीक्षक फसतो की नाही, ही दुय्यम बाब. शिकवायला तयार असलेलं माणूस आपण स्वतःहून गप्प करतो, नुकसान तिथे होतं. वर्गात वरच्या बाकावर बसलेल्याला खालचं कोणी पुन्हा समजावत नाही.

मुलाने चाचणी पुन्हा दिली, दुसरा मोबाइल आजोबांच्या हवाली करून. निकाल ए-वन. तोच त्याने अर्जात भरला आणि पदवीआधी वर्षभर भाषा शिकायचं ठरवलं. खर्चाचा हिशोब नव्याने मांडावा लागला, वडिलांनी तो मांडला.

पुढच्या कॉलला शिक्षिका एकेक शब्द सुटा करून बोलल्या. भाऊ आहे का? नाही, असं सांगताना तो ‘ब्रात’ म्हणाला. त्यांनी तिथेच थांबवलं. “ब्राता,” त्या म्हणाल्या. नकार आला की विभक्ती बदलते, हे त्यांनी आणखी दोन वाक्यांतून दाखवलं. त्याने वाक्य पुन्हा म्हटलं, या वेळी बरोबर. मग त्यांनी बहिणीबद्दल विचारलं.