अस्सलबरहुकूम

मेहकरच्या आमच्या आळीतील एक शिक्षिकाबाई गेल्या डिसेंबरात माझ्याकडे काम घेऊन आल्या. ३ जानेवारी हा सावित्रीबाई फुल्यांचा जन्मदिवस. त्या दिवशी शाळोशाळी मुली काठापदराची लुगडी नेसून आणि कपाळी आडवी चिरी रेखून भाषणे करतात, हे आता रूढच झाले आहे. परंतु बाईंच्या मनात यंदा १८४८ सालच्या भिडे वाड्यातील शाळेचा देखावा उभा करावयाचा होता, आणि त्या देखाव्यात पाटी घेऊन बसलेल्या चार मुली व त्यांतील एकीच्या मांडीवर तिचे तान्हे भावंड असावे, असे त्यांनी योजिले होते. चौघींचे परकर-चोळ्या आणि तान्ह्याचे अंगडे, टोपडे व कुंची मी शिवावी, असे ठरले. "सगळं अस्सल त्या काळचं असू द्या हं, काकू," एवढी एकच अट घालून बाई गेल्या.

शिवण ही माझी हौस. उपजीविका झाली ती तहसील कचेरीच्या नक्कल विभागात. दप्तरातील अस्सल कागद पुढे ओढावा, त्याची अक्षरशः प्रत करावी, दोहोंची रुजुवात घ्यावी आणि खाली सही-शिक्क्यानिशी ती अस्सलबरहुकूम असल्याचा दाखला द्यावा, हा उद्योग ज्याने आयुष्यभर केला आहे त्याला 'अस्सल' हा शब्द इतक्या सहजी उच्चारता येत नाही. कारण त्या दाखल्याने हमी मिळते ती केवळ मजकुराची. मूळ खरेदीखतावर निशाणी अंगठा उठविताना ज्या कुणाचा हात थरथरला असेल, त्या थरथरण्याचा समावेश नकलेत होत नाही, आणि कायद्याला त्याची गरजही नसते. माझ्यापुढे आता प्रश्न असा होता, की वस्त्राचा मजकूर कोणता आणि कोणत्या गोष्टी नकलेबाहेर राहिल्या तरी चालतील.

बाह्यांगापुरते पाहिल्यास मार्ग सोपा होता. कोळशाच्या डांबरापासून निघालेला पहिला कृत्रिम जांभळा रंग १८५६ सालचा, आणि मंजिष्ठ व आल यांच्या मुळ्यांतून निघणाऱ्या तांबड्या रंगाचा प्रयोगशाळेतील प्रतिस्पर्धी त्यानंतर बारा-तेरा वर्षांनी जन्मास आलेला. तेव्हा असले रंग वर्ज्य झाले. शिवणयंत्राचे एलायस हाऊने घेतलेले पेटंट १८४६ चे, म्हणजे भिडे वाड्यात पाट्या वाजू लागल्या त्या काळी ते यंत्र सातासमुद्रापलीकडे स्वतःच तान्हे होते. तेव्हा सर्व शिलाई हाताची, आधी धावदोरा आणि मग काठ दुमडून बारीक तुरपाई. अंगड्याला बटण नाही, बंद. कारण बंद सैल सोडता येतो, मूल वाढते तसे अंगडे काही महिने त्याच्याबरोबर वाढते, आणि निजलेल्या जिवाच्या अंगाखाली टणक असे काही येत नाही. कुंचीला तर एकच शिवण पुरते: कापड मधोमध दुमडून डोक्यामागे येणारी बाजू शिवावयाची, बाकीचे पाठीवर रुळू द्यावयाचे. इतक्या थोड्या कारागिरीत इतकी माया सामावणारे दुसरे वस्त्र मला ठाऊक नाही.

कापड मात्र हातमागाचेच हवे, हा बाईंच्या अटीतून निघणारा आग्रह १८४८ पुरता रास्त असला तरी तो सर्व शतकाला लावण्याची जी प्रवृत्ती आढळते ती मला मान्य नाही. आमच्याच बुलढाणा जिल्ह्याचे पाहावे. १८६१ ते १८६५ या अमेरिकेतील यादवीच्या काळात लँकेशायरच्या गिरण्यांची उपासमार झाली आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८७० साली जलंबपासून खामगावच्या कापूसबाजारापर्यंत आगगाडीचा फाटा आला. आणि ज्या वाटेने गठ्ठे गेले त्याच वाटेने विलायती कापडाचे ताके परत आले. १८८० मधील खामगावच्या बाळासाठी कुणी आज केवळ खादीची कुंची शिवील, तर ती सुंदर होईल, पावन होईल, पण अस्सल होईलच असे नाही. भूतकाळाने जसे असावे असे आपणांस वाटते तसा तो असतोच, असा काही शिरस्ता नाही.

असो. मी हातमागाचे कोरे कापड आणले, धुतले, बेतले, आणि अंगड्याची पहिली शिवण घेत असता माझी मावशी, जिने नव्वदीकडे पाऊल टाकले आहे, जवळ येऊन बसली. तिने कापड दोन बोटांत चोळून पाहिले आणि म्हणाली, "लेकराले नवं कापड टोचते, बाई. जुनं लुगडं फाड." थोड्या वेळाने, जणू विसरलेले कलम आठवावे तसे, तिने पुढे जोडले, "अन् ज्याचं आयुष्य मोठं झालं, त्याचं फाड."

माझी सारी तयारी त्या दोन वाक्यांनी ढासळली. कारण तिचे म्हणणे खरे होते. तान्ह्याचे पहिले अंगडे नव्या कापडाचे नसावेच. ते आजीच्या, पणजीच्या, दीर्घायुषी आणि लेकुरवाळ्या माणसाच्या जीर्ण वस्त्रातून निघावे, वापराने जे मऊ झाले आणि पुण्याईने जे जड झाले अशा वस्त्रातून. ज्या घरात मुले जगत नसत ते घर शेजारीपाजारी पदर पसरून चिंध्या मागून आणी, आणि त्या चिंध्यांत वाढणाऱ्या मुलाचे नाव धोंडू किंवा केरू ठेवी, हेतू हा की मृत्यूची नजर या दरिद्री ऐवजावर पडू नये. म्हणजे अस्सल अंगडे हे शिवले त्या दिवशीच चाळीस वर्षांचे जुने होते. माझे कोरे कापड रंगाने, विणीने, टाक्याने अचूक होते आणि तरीही मुळातच चूक होते.

वस्त्र आणि सूत यांचा संबंध काय, हा वाद आपल्या दर्शनकारांनी पिढ्यानपिढ्या घातलेला आहे, आणि पूर्वी तो मला रिकाम्या पंडितांचा खेळ वाटे. वैशेषिकांचे म्हणणे असे, की तंतू हे कारण आणि पट हे कार्य, दोन्ही भिन्न. पट तंतूंच्या ठायी समवायसंबंधाने राहतो, आणि त्यातील एक धागा जरी ओढून काढला तरी पहिला पट नष्ट होऊन खंडपट नावाचे नवे द्रव्य उत्पन्न होते. वेदान्ती याला हसतो. कार्य कारणाहून वेगळे नाही, असे तो म्हणतो, आणि ब्रह्मसूत्रकारांनी तर दृष्टान्तही वस्त्राचाच दिला आहे: गुंडाळलेले वस्त्र नीट ओळखू येत नाही, उलगडले की ओळखू येते, परंतु ते दुसरे झाले असे कोणी म्हणत नाही. आता मावशीच्या हुकुमाकडे या प्रकाशात पाहावे. लुगडे फाडून त्याचे अंगडे केले तर ते वैशेषिकाच्या हिशेबाने सर्वस्वी नवे द्रव्य; आजीचे दीर्घायुष्य, जर ते त्या लुगड्यात काही असेल, तर फाडण्याच्या क्षणीच संपले. मावशी अक्षरशत्रू नसली तरी दर्शने तिने पाहिलेली नाहीत. पण तिचा सारा आचार वेदान्त्याच्या बाजूने कौल देतो. लुगडे गेलेले नाही. त्याची निराळी घडी पडली आहे.

गीतेतील जीर्ण वस्त्रांचा दृष्टान्त कोणास ठाऊक नाही? देही जुनी शरीरे टाकून नवी घेतो. परंतु या भूमीतील आजीने तो दृष्टान्त ऐकून मान डोलवावी आणि मग घरी येऊन त्या नव्या शरीराला मुद्दाम जुनेच वस्त्र चढवावे, यात मला विरोध दिसत नाही, पुरवणी दिसते. आत्म्याने मागचे सर्व टाकले असेल. घराने टाकलेले नाही. वस्त्राशिवाय शोभतात ते दोघेच, नवजात अर्भक आणि परमहंस, असे म्हणतात. १८७८ च्या फेब्रुवारीत शेगावी प्रकट झालेल्या गजानन महाराजांची दिगंबर मूर्ती आमच्या जिल्ह्यात घरोघरी आहे. पण परमहंसाने वस्त्र सोडलेले असते, अर्भकाला ते अजून कोणी दिलेले नसते, आणि या दोन नग्नतांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

ते अंतर किती, हे याच जिल्ह्यातील एका बाईने जाणले होते. बुलढाण्याच्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीतील हेडकारकून बापूजी हरी शिंदे यांची कन्या ताराबाई हिने १८८२ साली 'स्त्रीपुरुषतुलना' हा निबंध पुण्यास छापविला, स. गं. मालशे यांनी १९७५ साली तो पुन्हा उजेडात आणीपर्यंत त्याचा बहुतेकांना विसर पडला होता. निबंधाला निमित्त झाले सुरतेच्या खटल्याचे. विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेने आपले अर्भक मारले म्हणून १८८१ साली तिला फाशीची शिक्षा झाली. पुढे अपिलात ती कमी झाली. खटल्याच्या निवाड्यात आईचा अपराध आहे, दंड आहे. त्या अर्भकाला कोणाच्या लुगड्याचे अंगडे मिळाले असते, ही नोंद करावयाला कोणत्याच दप्तरात रकाना नाही.

आणि आणखी एक गोष्ट, जी मी बाईंना सांगितली तेव्हा त्या क्षणभर गप्प राहिल्या. एकोणिसाव्या शतकातील मुलींची वस्त्रे अस्सलबरहुकूम शिवावयाची तर त्यांत बालविधवेचे आलवणही येते, आणि ते शिवता येत नाही. कारण केशवपन झालेल्या ब्राह्मण विधवेला चोळी वर्ज्य होती. न शिवलेले वस्त्र आपल्या धर्मात सोवळ्याचे. देवपूजेला बसणारा पुरुष शिवलेले उतरवून ठेवतो आणि त्याने पवित्र होतो. तेच शिवलेले वस्त्र त्या पोरीच्या अंगावरून उतरविले की ती मात्र अशुभ. एकाच नियमाचे हे दोन अर्थ कोणत्या शास्त्राने जुळवावे ते मला समजत नाही, आणि जुळविणाऱ्या भाष्यकाराविषयी मला आदरही वाटणार नाही. फुले पतिपत्नींनी १८६३ साली पुण्यास बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, आणि तेथील एका ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत या जोडप्याने पुढे दत्तक घेतला. त्याचे अंगडे कोणी शिवले असेल? सावित्रीबाईंनी आपलेच लुगडे फाडले असेल, अशी माझी कल्पना. आणि तसे असेल तर मावशीच्या न्यायाने त्या मुलाचे गोत्र तेथेच ठरले.

मी कोरे अंगडे बाजूला ठेवले आणि आईची पेटी उघडली. आई ब्याण्णव वर्षे जगली. तिचे जे लुगडे निघाले ते गिरणीचे, १९६० च्या सुमाराचे, काठाचा रंग खात्रीने रासायनिक; १८४८ च्या दृष्टीने त्यात एकही धागा शुद्ध नाही. फाडताना आवाज झाला तेव्हा माझा हात थांबला, इतकेच सांगते. दीड वार पुरला. बंद काठाचे केले.

३ तारखेला देखाव्यात जे तान्हे होते ते शाळेतील मदतनीस बाईंचे, चार महिन्यांचे. टाळ्या वाजल्या तरी ते झोपूनच राहिले. कार्यक्रम संपल्यावर त्याची आई अंगडे उतरवून घडी घालू लागली, मग संकोचाने म्हणाली, "काकू, एक विचारू? हे मऊ लई आहे. ठेवू का याच्यासाठी?" मी होय म्हटले. कचेरीचा रिवाज तोच आहे: नक्कल अर्जदाराला जाते, अस्सल दप्तरी राहते. उरलेले साडेसात वार मी पुन्हा पेटीत ठेवले.