निधिगोप

आमच्या महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थी मंडळाचा मी गेली काही वर्षे खजिनदार आहे, आणि वार्षिक स्नेहसंमेलनापूर्वीचा पंधरवडा दरवर्षी पावतीपुस्तके, बँकेची पासबुके आणि वर्गणीदारांची पत्रे यांच्या सहवासात जातो. मंडळाचा व्याप बेताचाच आहे. वर्षातून एकदा जुने विद्यार्थी एकत्र यावेत, निवृत्त अध्यापकांचा सत्कार व्हावा, वर्षभरात दिवंगत झालेल्यांची नावे उभ्याने ऐकावीत, जमाखर्च वाचून मंजूर व्हावा, दोनतीन गरजू विद्यार्थ्यांच्या शुल्काची तजवीज लागावी आणि एक चार पानी वार्तापत्र निघावे, इतकेच त्याचे कार्य. त्या वार्तापत्रात कोणाला बढती मिळाली, कोणाचा ग्रंथ प्रसिद्ध झाला, कोण परदेशी स्थायिक झाला याचा तपशील असतो आणि अखेरच्या पानावर देणगीदारांची यादी असते.

यंदा एका वयोवृद्ध सभासदांनी त्यांच्या प्राप्तीच्या मानाने फार मोठी म्हणावी अशी रक्कम पाठवली आणि सोबत एक लहानसे पत्र जोडले. आपल्याला या महाविद्यालयाने अन्नाला लावले, ते ऋण आयुष्यभर मनाला टोचत होते, आता डोळे मिटण्यापूर्वी त्यातून मोकळा होत आहे, तरी पावतीच्या शेऱ्याच्या रकान्यात 'ऋण फिटले' इतके शब्द लिहावेत, अशी त्यांची विनंती होती. पत्र वाचून माझे मन भरून आले. परंतु पावती लिहायला बसलो तेव्हा लेखणी शेऱ्याच्या रकान्यापाशी थांबली, कारण ते शब्द लिहिण्याचा अधिकार मला, मंडळाला किंवा खुद्द महाविद्यालयाला तरी आहे काय, असा प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला.

सावकारी व्यवहारात देणे पुरते फिटले म्हणजे धनकोने ऋणकोला फारकती लिहून द्यावी, अशी आपल्याकडची जुनी वहिवाट आहे. फारकती मिळाली की उभयतांचा संबंध संपतो. किंबहुना संबंध संपावा म्हणूनच ऋणको ती मागतो. आता विद्येच्या ऋणाची फारकती कोणी लिहावी? ज्यांनी मला शिकवले ते अध्यापक बहुतेक कालवश झाले. त्यांनी जे शिकवले ते त्यांचेही नव्हते, त्यांच्या अध्यापकांकडून त्यांच्याकडे आले होते. आणि मागे मागे जाऊ लागलो तर जो मूळ धनको म्हणून दाखवता येईल असा एकही मनुष्य सापडत नाही. धनकोच निश्चित नाही तेथे फारकतीवर सही कोणाची घ्यायची?

आपल्या पूर्वसूरींनी हा प्रश्न फार प्राचीन काळी विचारात घेतला होता. तैत्तिरीय संहितेत तीन ऋणे सांगितली आहेत: ऋषींचे, देवांचे आणि पितरांचे. शतपथ ब्राह्मणाने त्यांत मनुष्यऋणाची भर घातली, आणि जो कोणी अस्तित्वात आहे तो ऋणरूपानेच जन्माला येतो, इतक्या टोकापर्यंत तो विचार नेला. या ऋणांच्या फेडीचे जे मार्ग तेथे सांगितले आहेत त्यांच्याकडे बारकाईने पाहिले पाहिजे. देवांचे ऋण यज्ञाने फेडावयाचे, म्हणजे देवांना काही अर्पण करावयाचे. ऋषींच्या ऋणाची फेड मात्र ऋषींना काही देऊन होत नाही, ती अध्ययनाने होते. म्हणजे ज्या क्रियेने ऋण वाढावे असे आपण समजतो तीच क्रिया येथे फेड मानली आहे! सामान्य हिशेबाला हे कोडेच वाटेल; परंतु शतपथकार त्याच ठिकाणी विद्या संपादन केलेल्या पुरुषाला जे नाव देतात त्यात त्या कोड्याचा उलगडा आहे. असा पुरुष ऋषींचा 'निधिगोप' होय, असे ते म्हणतात. निधिगोप म्हणजे ठेवीचा राखणदार. तो ठेवीचा मालक नव्हे, आणि रक्कम परत करून मोकळा होणारा ऋणकोही नव्हे. ठेव त्याच्या ताब्यात आहे तोवर ती अबाधित राखणे आणि पुढच्या हाती सोपवणे हेच त्याचे देणे. खजिनदाराचे काम करीत असल्यामुळे असेल, पण हा शब्द मला प्रथम भेटला तेव्हा तो माझ्याकरिताच योजला आहे की काय, असे वाटून मी काही वेळ तसाच बसून राहिलो होतो.

यावर कोणी म्हणेल की गुरुदक्षिणेची प्रथा आपल्याकडे होतीच, आणि दक्षिणा दिल्यावर शिष्य मोकळा होत असे. या आक्षेपाला उत्तर देण्यासाठी फार दूर जावयास नको. दरवर्षी दसऱ्याला आपण आपट्याची पाने सोने म्हणून वाटतो तेव्हा जी कथा आठवतो तिच्यातच ते आहे. वरतंतूचा शिष्य कौत्स अध्ययन संपवून दक्षिणेची आज्ञा मागू लागला. गुरूने सांगितले की तुझी सेवा हीच मला पोहोचली. कौत्साचे समाधान झाले नाही. त्याने पुनःपुन्हा आग्रह धरला, तेव्हा रागावून वरतंतूने चौदा विद्यांबद्दल चौदा कोटी सुवर्णमुद्रा मागितल्या. विश्वजित यज्ञात सर्वस्व देऊन बसलेल्या, मृत्तिकेच्या पात्रातून अर्घ्य देणाऱ्या रघूकडे कौत्स कसा गेला, कुबेरावर स्वारी करण्याची तयारी चालली असता रात्रीतून कोषागारात सुवर्णवृष्टी कशी झाली, हे कालिदासाने रघुवंशाच्या पाचव्या सर्गात वर्णिले आहे. या कथेत कौत्साच्या निष्ठेची प्रशंसा होते ती यथार्थच आहे. पण गुरूला क्रोध का आला, याचा विचार क्वचितच होतो. मला वाटते, शिष्य आपल्याशी असलेले नाते चुकते करून उठू पाहतो आहे हे वरतंतूला जाणवले असावे, आणि विद्येचे मोल सांगण्याचा हट्टच असेल तर ते मोल राजालाही पेलवणार नाही इतके मोठे आहे, हे त्याने त्या अंकाने दाखवून दिले असावे. आणि गुरुदक्षिणेपेक्षा अधिक असे जे सोने उरले ते कौत्सानेही घेतले नाही आणि रघूनेही परत घेतले नाही. ते आपट्याखाली ठेवून लोकांना लुटवले, असे आपल्याकडील लोककथा सांगते. ज्या सोन्याला कोणी धनी उरला नाही तेच गावच्या वाट्याला आले.

घेतलेली विद्या अक्षरशः परत केल्याची कथा मला एकच ठाऊक आहे. वैशंपायनाने रागावून मागणी केली तेव्हा याज्ञवल्क्याने शिकलेला यजुर्वेद ओकून टाकला, आणि इतर शिष्यांनी तित्तिर पक्ष्यांचे रूप घेऊन तो टिपला, असे पुराणे सांगतात. येथे खरीखुरी फारकती झाली. परंतु ती झाली ती गुरुशिष्यांचे नाते तुटल्यामुळे. जेथे प्रेम शिल्लक आहे तेथे अशी फारकती कोणी मागितल्याचे मला आढळले नाही.

व्यक्तीच्या ठिकाणी संस्था ठेवली की प्रश्न अधिक अवघड होतो, कारण संस्थेकडे आलेले धन कोठून आले हेही मग पाहावे लागते. याबाबतीत पुण्याच्या डेक्कन कॉलेजचा इतिहास मला फार अर्थपूर्ण वाटतो, कारण त्या संस्थेचा पायाच मुळी दक्षिणेच्या पैशावर रचलेला आहे. श्रावणमासात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटण्याची पेशवाईतील प्रथा होती. राज्य गेल्यानंतर एल्फिन्स्टनने तो खर्च पुरता बंद न करता त्यातील काही भाग विद्येकडे वळवला, आणि ऑक्टोबर १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. तीच १८५१ मध्ये पूना कॉलेज झाली. पुढे जमशेटजी जीजीभाई घराण्याच्या देणगीच्या साहाय्याने नदीपलीकडे येरवड्याच्या बाजूस नवी इमारत उभी राहिली, संस्थेला डेक्कन कॉलेज हे नाव मिळाले, आणि १८६८ मध्ये ती तेथे गेली. ब्राह्मणांसाठी राखलेली दक्षिणा, इंग्रज अधिकाऱ्याचा निर्णय आणि पारशी घराण्याचे दान या तिन्हींतून जी वास्तू उभी राहिली, तिच्यात शिकलेल्या मुलाने ऋण मानायचे ते कोणाचे?

या प्रश्नाला एक चौथे उत्तर आहे, आणि ते देणारा पुरुष त्या कॉलेजचा विद्यार्थी नव्हता. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जे निवेदन सादर केले त्यात त्यांनी स्पष्ट मांडले की सरकारी तिजोरीत येणारा महसूल रयतेच्या श्रमातून येतो आणि तो खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. दक्षिणेचा पैसा तरी निराळा कोठून आला होता? तोही बहुतांशी महसुलाच्याच रूपाने गोळा झालेला. शतपथकारांनी चौथे म्हणून ज्या मनुष्यऋणाचा उल्लेख केला त्याचा खरा अर्थ मला फुल्यांच्या त्या निवेदनाने समजला. माजी विद्यार्थ्यांच्या कोणत्याही मेळाव्यात प्राचार्यांचे, अध्यापकांचे, देणगीदारांचे स्मरण होते. ज्या शेतकऱ्याच्या मुलाने त्या वास्तूचा उंबरठाही पाहिला नाही त्याचे स्मरण होत नाही, याची मला लाज वाटते, आणि ती वाटलीच पाहिजे असे माझे मत आहे.

त्या कॉलेजातून बाहेर पडलेल्या दोन तरुणांनी आपले ऋण कसे मानले हे सर्वश्रुत आहे. १८७९ साली टिळक कायद्याच्या आणि आगरकर एम. ए. च्या अभ्यासासाठी तेथे असताना दोघांत रात्र रात्र चर्चा चालत, आणि सरकारी नोकरी न धरता शिक्षणकार्याला वाहून घेण्याचा संकल्प त्यांतून निघाला. विष्णुशास्त्री चिपळूणकरांना साथ देऊन १८८० च्या आरंभी न्यू इंग्लिश स्कूल, पुढे १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज, असा तो क्रम आहे. ज्या संस्थेने त्यांना घडवले तिला त्यांनी काही परत दिले नाही. दुसरीच संस्था काढली. टिळकांचे गणिताचे अध्यापक केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० मध्ये ग्रहसाधनाची कोष्टके प्रसिद्ध केली होती. गुरूची ती ज्योतिर्गणिताची आवड शिष्याने १८९३ च्या 'ओरायन' मध्ये वेदकालाच्या निर्णयासाठी कामास लावली, तेव्हा छत्रे हयात नव्हते. गुरूकडून नाणे एका टाकसाळीचे घ्यावे आणि चलनात आणताना ते दुसऱ्याच पेठेत आणावे, असा हा व्यवहार दिसतो, आणि तो मला अत्यंत पवित्र वाटतो.

परंतु माजी विद्यार्थ्यांनी समूहाने काय करावे याचा धडा मिळतो तो नंतरच्या घटनेत. १९३४ मध्ये सरकारने डेक्कन कॉलेज बंद केले. तेथील माजी विद्यार्थी या निर्णयाविरुद्ध न्यायालयात गेले. यांतील कोणालाही आता तेथे शिकावयाचे नव्हते. पदव्या घेऊन, संसार मांडून, केस पांढरे करून बसलेली ही माणसे, आणि त्यांनी भांडायचे होते ते ज्यांची नावेही त्यांना ठाऊक नव्हती अशा पुढच्या मुलांसाठी. ज्यांच्या प्रयत्नांमुळे तो लढा तडीस गेला त्यांत मुकुंद रामराव जयकरांचे नाव प्रामुख्याने घेतले जाते. १७ ऑगस्ट १९३९ रोजी कॉलेज पुन्हा उघडले. पण ते कशाच्या रूपाने? जेथे त्यांनी पदवीपूर्व तारुण्य घालवले होते ते कॉलेज परत आले नाही. आली ती पदव्युत्तर अध्ययन व संशोधन संस्था: भाषाशास्त्र, पुरातत्त्व, इतिहास, समाजशास्त्र यांची शांत दालने. ज्याच्या आठवणीने ते लढले ते त्यांना मिळाले नाही, आणि जे मिळाले त्यात त्यांची आठवण कोठेच बसत नव्हती.

हा पराभव होता काय? मी यावर पुष्कळ विचार केला आहे. आपले तारुण्य जसेच्या तसे जतन व्हावे, वर्गातील बाके आपण सोडली तशीच असावीत, ही इच्छा प्रत्येक माजी विद्यार्थ्याच्या अंतःकरणात असते, आणि स्नेहसंमेलने पुष्कळदा तिच्याच तृप्तीसाठी भरतात. ती इच्छा निंद्य नाही. पण तिला ऋण म्हणता येणार नाही, ती आसक्ती आहे. राखणदाराने ठेव राखावी, ती पुढच्याने कोणत्या कामी लावावी याची अट घालू नये. नव्या संस्थेत त्याच वर्षी हसमुख सांकलिया आणि इरावती कर्वे रुजू झाले; या भूमीत अश्मयुगातील माणसाची हत्यारे शोधणारा एक आणि येथील माणसाच्या नातेसंबंधांची उकल करणारी दुसरी. १९४८ मध्ये तेथे ऐतिहासिक तत्त्वांवरील संस्कृत महाकोशाचे काम सुरू झाले. सुमारे दीड हजार ग्रंथांतून शब्द वेचून एक कोटीच्या आसपास चिठ्ठ्या तयार झाल्या. पहिला खंड १९७६ मध्ये छापून निघाला. आणि इतकी दशके लोटल्यावर, अनेक खंड निघाल्यावरही, तो कोश अद्याप 'अ' या आद्याक्षराच्याच प्रांतात वावरत आहे. ज्यांनी पहिली चिठ्ठी लिहिली त्यांना शेवटचे अक्षर पाहावयास मिळणार नाही हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक असले पाहिजे, आणि तरीही चिठ्ठीवरील शब्द, ग्रंथ, स्थळ बिनचूक लिहिण्यात त्यांनी कसूर केली नाही. निधिगोप या शब्दाचा अर्थ मला कोणी प्रत्यक्ष दाखव म्हटले तर मी त्याला त्या चिठ्ठ्यांच्या कपाटांपाशी नेऊन उभा करीन.

आमच्या वार्तापत्राविषयी म्हणून माझे दोन आग्रह आहेत, आणि ते मी कार्यकारिणीपुढे यंदा मांडणार आहे. बढत्या आणि बहुमान यांच्या वार्ता अवश्य याव्यात, पण त्यांच्या आधी कोणी कोणाला काय शिकवले याची वार्ता यावी: आपल्या गावी रात्री मुले जमवून गणित घेणारा सभासद, निवृत्तीनंतर जिल्ह्याच्या दफ्तरातील मोडी कागदांचे देवनागरीत लिप्यंतर करणारी सभासद. आणि शिष्यवृत्ती ज्या मुलाला मिळते त्याच्याकडून आभाराचे पत्र घेण्याचा जो रिवाज पडला आहे तो थांबावा. ते पत्र म्हणजे एका सतरा वर्षांच्या मुलाच्या गळ्यात आम्ही बांधलेले कर्जरोख्याचे भेंडोळे आहे, आणि जे आमचे नव्हतेच त्याचे व्याज वसूल करण्यासारखे ते आहे.

त्या वृद्ध सभासदांच्या रकमेची पावती मी दुसऱ्या दिवशी पुरी केली. नाव, दिनांक, रक्कम, शिष्यवृत्ती खाती जमा, हे सारे लिहून सही केली आणि शेऱ्याचा रकाना कोरा ठेवला. त्यांनी अखेरच्या दिवसांत एवढ्या मनोभावे मागितलेले दोन शब्द मला का लिहिता आले नाहीत, हे त्यांना सांगणे माझे कर्तव्य होते, म्हणून पावतीसोबत चार ओळी लिहाव्यात या हेतूने कागद पुढे ओढला. त्या चार ओळी लांबत गेल्या त्या या अशा.