इंग्रजी शिकवावी, लाज नव्हे



वरोऱ्यात इंग्रजी माध्यमाच्या खाजगी शाळेत मुलाला घालण्यासाठी आपण पोटाला चिमटा काढतो. त्यात गैर काही नाही. राज्यातील मराठी शाळांतही २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवतात. प्रश्न वेगळा आहे. इंग्रजी यावी म्हणून मराठी बोलणाऱ्या मुलाला दंड करणे योग्य आहे का?

आम्हांला वाटते, नाही. दंडाने मूल इंग्रजी बोलू लागेलच असे नाही; पुष्कळदा ते गप्प राहायला शिकते. आपली आई बोलते ती भाषा हलकी, हेही शिकते. मग आईने पालकसभेला येऊ नये असे त्याला वाटू लागते. मातापित्यांचा मान राखण्याची चौथी आज्ञा तिथे मोडते, आणि तीही आपण फी भरून.

फादर थॉमस स्टीफन्स मूळचे इंग्लंडचे. त्यांनी आपली भाषा लोकांवर न लादता मराठीत ख्रिस्तपुराण रचले. ते १६१६ साली छापले गेले. पेंटेकॉस्टच्या दिवशीही प्रत्येकाला सुवार्ता स्वतःच्या भाषेत ऐकू आली.

मुलांना इंग्रजी जरूर शिकवू या. पण शाळेत असा दंड असेल तर पालकसभेत नम्रपणे विचारू या. आणि घरची रोझरी मराठीतच म्हणू या.