लेंकरास मारावें काय?

लेंकरास वळण लावावें हें सर्वांस मान्य आहे. तें मारून लावावें कीं काय, हा प्रश्न आहे. "मारल्यावांचून पोर सुधारत नाहीं," असें आमच्या गांवोगांवीं म्हणतात, व आम्हीही पुष्कळ वर्षें तसेंच समजत होतों.

युरोपाच्या उत्तरेस स्वीडन देश आहे. तेथेंही पूर्वीं आईबाप नीतिसूत्रांतील छडीचा आधार घेऊन मुलांस मारीत. पण १९५८ सालीं तेथील शाळांतून छडी गेली, आणि १ जुलै १९७९ पासून आईबापांनींही मुलांस मारूं नये असा कायदा झाला. असा कायदा करणारा जगांतील हा पहिलाच देश. त्या कायद्यांत शिक्षा सांगितलेली नाहीं. सरकारनें घरोघरीं पत्रकें वांटलीं व दुधाच्या खोक्यांवर ही गोष्ट छापिली. म्हणजे न्याहारीच्या वेळीं ती आईबाप व मुलें ह्या सर्वांच्या दृष्टीस पडे.

आदल्याच वर्षीं तेथील लेखिका अ‍ॅस्ट्रिड लिंडग्रेन ह्यांनीं जर्मनींत शांतता-पारितोषिक स्वीकारतांना एका आईची हकीकत सांगितली होती. त्या आईनें अपराधी मुलास, स्वतःच छडी शोधून आण, म्हणून बाहेर पाठविलें. मुलगा फार वेळानें रडत परतला. छडी मिळाली नाहीं, म्हणून त्यानें आईला मारावयास एक धोंडा आणिला होता! आईला आपणांस दुखवावयाचेंच आहे, तर तें धोंड्यानेंही होईल, असें त्या बालबुद्धीस वाटलें. आईनें त्याला पोटाशीं धरिलें व दोघेंही रडलीं. तो धोंडा तिनें स्वयंपाकघरांत फळीवर ठेविला.

आतां आमच्या देशाकडे पाहूं. आजीची मांडी, आत्यामावश्यांचे हात, शेजारघरची भाकर, रात्रीं आईची कूस, हें आमच्या लेंकराचें भाग्य थोडें नाहीं. स्वीडनांत पुष्कळ बाळें वर्षादीड वर्षाचीं होतांच दिवसा बालशाळेंत जातात. हिंवाळ्यांतही त्यांस बाबागाडींत उघड्या हवेंत निजविण्याची चाल आहे. आमच्या आजीबाईंस हें ऐकून कांपरें भरेल! तेव्हां माया आम्हीं त्यांच्यापासून शिकावी असें नाहीं. परंतु येथें माया करणारा हातच छडी उचलतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमानें शाळेंत मारण्यास व मानसिक छळास मनाई केली. उंबरठ्याच्या आंत मात्र तसा स्पष्ट कायदा नाहीं. तेथें आईबापांचा विवेक हाच कायदा.

आमच्याच घरची गोष्ट सांगतों. मुलानें दिवा फोडला व तें लपविलें, म्हणून आम्हीं त्यास मारिलें. पुढेंही त्याच्या हातून वस्तु फुटतच राहिल्या; लपविणें मात्र तो चांगलें शिकला. खोटें बोलूं नये म्हणून मारिलें, आणि त्या मारानेंच त्यास खोटें बोलण्याचें कारण दिलें.

कोणी म्हणेल, मग मुलें मोकाट सोडावीं काय? मुळींच नाहीं. धनगराच्या हातीं काठी असते. ती लांडग्यास हांकण्यासाठीं व कळपास वाट दाखविण्यासाठीं, कोंकराचे पाय मोडण्यासाठीं नव्हे. पौलानेंही इफिसकरांस लिहितांना मुलांस आज्ञापालन सांगून लागलीच बापांसही आवरिलें आहे. ठरलेली वेळ, ठरलेलें काम व बापानें स्वतः पाळलेला शब्द, ही खरी शिस्त. ती छडीहून कठीण आहे, कारण तिचा आरंभ बापापासून होतो.

यास्तव आमची विनंती इतकीच: आपल्याही घरांत कोनाड्यांत एक धोंडा ठेवावा, आणि हात उगारण्यापूर्वीं त्याकडे एकवार पाहावें.